बार-१ नसलेल्या यीस्टला जोडीदार सापडतो का? (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५, सोमवार

मॅडमनी विषय पक्का केला. यीस्टमध्ये नर-मादीसारखे दोन प्रकार असतात, ए आणि अल्फा; त्यांच्या पेशी एकमेकींशी जुळतात, ते मिलन. यातल्या ए पेशी ‘बार-१’ नावाचं एक एन्झाइम बाहेर सोडतात. ते अल्फा पेशींनी सोडलेलं फेरोमोन (जोडीदाराला बोलावणारं रसायन) तोडून टाकतं. म्हणजे अल्फा पेशी बोलावतात आणि ए पेशी तो निरोप पोचता पोचता निम्मा पुसून टाकतात. हे उधळेपण वाटतं. मग उत्क्रांतीत ते टिकलं कसं? प्रकल्पाचा प्रश्न एवढाच: बार-१ काढून घेतलं तर मिलन वाढतं की घटतं?

तीन स्ट्रेन (यीस्टचे वाण) मिळाले, सगळे एकाच घराण्यातले: बीवाय ४७४१ (ए), बीवाय ४७४२ (अल्फा) आणि ४७४१ मध्येच बार-१ चं जनुक काढून त्या जागी कॅन-एमएक्स (जी-४१८ या औषधाला दाद न देणारं जनुक) घातलेला, म्हणजे बार-१ डिलीशन. उणे ८० च्या ग्लिसरॉल स्टॉकमधून वायपीडी (सगळं पोषण असलेलं माध्यम) प्लेटवर रेघोट्या मारल्या. ३० अंशांना दोन दिवस.

८ जानेवारी

मार्करची (स्ट्रेन ओळखायच्या खुणांची) खातरजमा. ४७४१ ला मेथिओनिन बाहेरून द्यावं लागतं, कारण त्यात मेट-१५ हे जनुक नाही. ४७४२ ला लायसिन लागतं, कारण लाइस-२ नाही. दोघांपैकी एकही मेथिओनिन आणि लायसिन दोन्ही नसलेल्या प्लेटवर वाढत नाही. दोघांचं मिलन होऊन डिप्लॉइड (दोघांचे गुणसूत्रसंच एकत्र असलेली पेशी) झालं की एकाचं उणं दुसरा भरून काढतो आणि वसाहत उगवते. मोजणीचा सगळा डोलारा या एका युक्तीवर उभा आहे, म्हणून आधी ही तपासणी.

मखमलीच्या कापडावर प्लेट उलटी दाबून ठसे घेतले. जिथे वाढायला नको तिथे काही वाढलं नाही. बार-१ डिलीशन जी-४१८ वर मस्त आलं, बाकी दोघं त्यावर मेले.

४७४१ च्या जुन्या फ्लास्कला किंचित सडक्या अंड्यासारखा वास येतो. मेट-१५ नसल्यामुळे सल्फाइड साचतं, त्याचा तो प्रसाद. लॅबमधल्या मामांनी दार उघडं ठेवायला सांगितलं, बरोबरच होतं.

१० जानेवारी

आज ज्युनिअर मुलांनी विचारलं की एवढ्या लांबून स्ट्रेन कशाला, किराणा दुकानातलं पावाचं यीस्ट का नाही चालत? चालत नाही. बेकरीचं यीस्ट बहुधा डिप्लॉइड किंवा त्याहून जास्त गुणसूत्रसंचांचं असतं. त्यात ए आणि अल्फा दोन्हींची माहिती एकत्र असल्याने फेरोमोनची यंत्रणाच बंद असते. रानातल्या यीस्टचा घोळ वेगळा. त्यांच्यात एचओ हे जनुक शाबूत असतं, त्यामुळे आई-पेशी आपला प्रकार बदलते आणि आपल्याच लेकीशी जुळते. एक पेशी ठेवली तरी दुसऱ्या दिवशी डिप्लॉइड हजर. प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनमध्ये एचओ निकामी आहे म्हणूनच ए हा ए राहतो आणि अल्फा हा अल्फा.

१५ जानेवारी

अल्फा-फॅक्टर (अल्फा पेशींचं फेरोमोन) एकदाचं आलं. खोक्यातले बर्फाचे पॅक पाण्यासारखे झालेले. पावडर लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेली) असते म्हणून बिघडलं नाही, पण पुरवठादाराला फोन करून मन मोकळं केलं. तेरा अमिनो आम्लांचा छोटासा पेप्टाइड. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असा स्टॉक केला, छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला टाकला. वारंवार वितळवायचा नाही.

दुसऱ्या बाजूचं ए-फॅक्टर विकत घेऊन वापरायच्या भानगडीत पडायचं नाही असं मॅडम म्हणाल्या. ते बारा अमिनो आम्लांचं, शेपटाला चरबीची साखळी लावलेलं, पाण्यात नीट विरघळत नाही. पेशीतून बाहेर पडायला त्याला स्टी-६ नावाचा खास पंप लागतो. माणसाच्या कर्कपेशी औषधं बाहेर फेकायला जो पंप वापरतात, त्याच्याच कुळातला हा.

१७ जानेवारी

पहिला टाइम-कोर्स, साधी ए पेशी. ओडी (पेशींची दाटी दाखवणारं माप) ०.२ वर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम अल्फा-फॅक्टर घातलं. दर अर्ध्या तासाला नमुना, फॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करून, थोडं सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी पेशी सुट्या करून), मग मायक्रोस्कोपखाली कळी (विभाजनात फुटणारी लेक-पेशी) असलेल्या आणि नसलेल्या पेशींची मोजणी.

पहिल्या अर्ध्या तासात काहीच होत नाही असं वाटतं. ज्या पेशी ‘स्टार्ट’ (विभाजनाला बांधून घेण्याचा टप्पा) ओलांडून गेल्या, त्या हातातलं विभाजन पूर्ण करतात, फेरोमोन असो वा नसो. नव्या मात्र पुढे सरकत नाहीत. दोन तासांनी जवळपास सगळं शेत बिनकळीचं. त्यानंतर पेशी एका बाजूला टोक काढू लागतात. या आकाराला श्मू म्हणतात, एका जुन्या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतल्या प्राण्यावरून.

चौथ्या तासाला कळ्या परत. ओडी ०.८ चा दुसरा फ्लास्क शेजारी लावला होता, तो याहून लवकर सुटला. पेशी जास्त, बार-१ जास्त, फेरोमोन लवकर संपलं. फ्लास्क तोच, मात्रा तीच, फरक फक्त गर्दीचा.

१८ जानेवारी

काल रात्री पाथवेचं (फेरोमोनचा निरोप पेशीत कसा पुढे जातो त्याचं) चित्र भिंतीवर लावलं. माझ्या सोयीसाठी इथे उतरवून ठेवते. ए पेशीच्या पटलावर स्टी-२ हा रिसेप्टर (फेरोमोन पकडणारं प्रथिन), अल्फावर स्टी-३. आत जी-प्रोटीन, रिसेप्टरकडून निरोप घेणारं. माणसाच्या शरीरात बऱ्याच ठिकाणी निरोप पुढे नेण्याचं काम अल्फा उपघटक करतो. यीस्टमध्ये उलटं: अल्फा उपघटक (जीपीए-१) झाकणासारखा बसलेला, तो बाजूला झाला की बीटा-गॅमा (स्टी-४, स्टी-१८) मोकळे होऊन काम सुरू करतात. त्यांच्यापाशी स्टी-५ येतं, आणि त्याच्या अंगावर स्टी-११, स्टी-७, फस-३ हे तीन काइनेज (एकमेकांना चालू करणारी एन्झाइमं) रांगेत बसलेले. शेवटी स्टी-१२ केंद्रकात मिलनाची जनुकं चालू करतं.

मला यातलं एफएआर-१ सगळ्यात आवडलं. एकच प्रथिन दोन कामं करतं. केंद्रकात ते पेशीचक्राचा गाडा अडवतं. बाहेर येऊन तेच सीडीसी-२४ या प्रथिनाला ओढून जिथे बीटा-गॅमा मोकळे आहेत तिथे नेऊन बसवतं, मग सीडीसी-४२ चालू होतं आणि त्या दिशेला टोक फुटतं. थांबणं आणि वळणं, दोन्हींचा दोर एकाच हाती.

पीएचडीवाल्या ताई म्हणाल्या, चित्रावर प्रेम करू नकोस, व्हायव्हाला प्रत्येक बाणाचा पुरावा विचारतात.

२३ जानेवारी

बार-१ डिलीशनचा टाइम-कोर्स. शंभरपट कमी, म्हणजे मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम दिलं तरी पेशी थांबल्या, आणि थांबूनच राहिल्या. संध्याकाळी निघेपर्यंत कळी नाही. सकाळी पाहिलं तर काही पेशी दोन-दोन टोकं काढून बसलेल्या. निरोप पुसणारं कुणी नाही, त्यामुळे एकाच उत्तराची पुनरावृत्ती.

२९ जानेवारी

हेलो टेस्ट: फेरोमोनभोवती वाढ थांबून केवढं मोकळं वर्तुळ पडतं ते पाहणं. मऊ आगरमध्ये पेशी मिसळून थर ओतला, वर फिल्टर पेपरच्या चकत्या, चकतीवर अल्फा-फॅक्टर. डिलीशनच्या प्लेटवर चकतीभोवती मोठं, स्वच्छ, कापल्यासारख्या कडेचं वर्तुळ. साध्या ए च्या प्लेटवर छोटं आणि धुरकट, दुसऱ्या दिवशी भरून आलेलं.

एका प्लेटचं पीएच ४ च्या खाली ठेवलं होतं. आम्लात बार-१ मंद पडतं, त्यामुळे साध्या ए चं वर्तुळही तिथे जरा मोठं दिसलं. मॅडमना ही प्लेट सगळ्यात पटली, कारण इथे जनुकाला हात न लावता एन्झाइमच आवळलं होतं.

५ फेब्रुवारी

आजचा प्रयोग १९७६ सालच्या हिक्स आणि हर्स्कोविट्झ यांच्या निरीक्षणावर बेतलेला. त्यांना दिसलं होतं की मध्ये ए पेशींचा पट्टा असला की पलीकडे अल्फा-फॅक्टर पोचत नाही.

प्लेटच्या मधोमध अल्फा पेशींची जाड रेघ. तिच्या डावीकडे साध्या ए चा पट्टा, उजवीकडे बार-१ डिलीशनचा पट्टा. रात्रभर वाढू दिलं. सकाळी दोन्ही पट्ट्यांच्या पलीकडे ‘पहारेकरी’ म्हणून थोड्या, विरळ डिलीशन पेशी पसरल्या (त्या सगळ्यात संवेदनशील, म्हणून). चार तासांनी झाकण काढून प्लेटच मायक्रोस्कोपखाली सरकवली, दहाच्या लेन्सखाली.

उजवीकडे पहारेकरी जवळजवळ सगळे श्मू, टोकं बरीचशी मधल्या रेघेकडे. डावीकडे त्याच पेशी, तेवढ्याच अंतरावर, निवांत कळ्या काढत होत्या. साध्या ए चा तो चार-पाच मिलिमीटरचा पट्टा फेरोमोन पलीकडे जाऊच देत नव्हता. आतापर्यंतच्या सगळ्या आकड्यांपेक्षा या एका प्लेटने विषय डोक्यात बसवला. फोटो काढले. फोन लेन्सला टेकवून, कारण कॅमेऱ्याचं लायसन्स संपलंय आणि नूतनीकरणाची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

१२ फेब्रुवारी

मिलनाची मोजणी कशी करायची ते पक्कं झालं.

दोन्ही प्रकारच्या पेशी समान संख्येने मिसळायच्या, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर ओढून घ्यायच्या, फिल्टर वायपीडी प्लेटवर ठेवायचा, ३० अंशांना चार तास. मग फिल्टर पाण्यात झटकून पेशी सुट्या करायच्या, पातळ करून दोन तऱ्हेच्या प्लेटवर पसरायच्या. मेथिओनिन आणि लायसिन दोन्ही नसलेल्या प्लेटवर फक्त डिप्लॉइड येतील. नुसतं लायसिन नसलेल्या प्लेटवर ए पेशी आणि डिप्लॉइड दोन्ही येतील, अल्फा येणार नाहीत. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की किती ए पेशींना जोडीदार मिळाला ते हातात.

सुट्या करणं हे डोकेदुखीचं काम. फेरोमोन मिळालं की दोन्ही प्रकार भित्तिकेवर चिकट प्रथिनं काढतात (ए वर एजीए-१ आणि एजीए-२, अल्फावर एसएजी-१) आणि एकमेकांना घट्ट धरून बसतात. ट्यूबमध्ये गुठळ्या डोळ्यांनी दिसतात. सोनिकेशन कमी पडलं तर एका गुठळीची एकच वसाहत मोजली जाते. जास्त झालं तर नवे युग्मनज (नुकत्याच जुळलेल्या जोड्या) फुटतात. ताईंनी थोडं थोडं करत प्रत्येक वेळी चेंबरमध्ये बघायला लावलं.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी होती, तरी प्लेट बाहेर काढायला कुणीतरी यावं लागतंच. आकडे आज मांडले.

साध्या ए च्या निम्म्याहून अधिक पेशींना जोडीदार मिळाला. बार-१ डिलीशनमध्ये तो हिस्सा स्पष्ट घटला, वेगवेगळ्या दिवशीच्या सगळ्या मांडण्यांमध्ये. जास्त संवेदनशील पेशी, पण मिलन कमी.

१९९८ साली बार्काई, रोझ आणि विंग्रीन यांनी ‘नेचर’मध्ये गणिताने मांडलेला मुद्दा इथे हाताशी येतो. पेशी फक्त पाचेक मायक्रॉनची. तेवढ्या अंगात पुढच्या बाजूला फेरोमोन किती आणि मागच्या बाजूला किती, या फरकावरून तिला दिशा ठरवायची असते. बार-१ नसेल तर फेरोमोन साचत जातं, सगळ्या बाजूंचे रिसेप्टर भरून जातात आणि फरकच उरत नाही. बार-१ असेल तर लांबच्या अल्फांचा गलका वाटेतच संपतो, जवळच्याचा तेवढा उरतो आणि उतार तीव्र होतो.

जॅक्सन आणि हार्टवेल यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं की यीस्ट आसपासच्या जोडीदारांमधून सर्वांत जास्त फेरोमोन सोडणारा निवडतं. निवडायचं तर फरक दिसायला हवा. (हे हार्टवेल म्हणजे २००१ चे नोबेलवाले. पेशीचक्रावर नोबेल मिळालं, पण मिलन बिघडलेले स्टी म्युटंट शोधण्यातही त्यांचा हात होता.)

मला सुरुवातीला उधळेपण वाटलं होतं ते इथे संपलं. बार-१ ए पेशीचा कान साफ ठेवतं.

२७ फेब्रुवारी

आज आकडे नाहीत, नुसतं बघणं. मिश्रणातला एक थेंब अगरोजच्या पातळ गादीवर, वर कव्हरस्लिप, कडा व्हॅसलिनने बंद. आपल्याकडे गरम स्टेज नाही, पण दुपारी खोलीचं तापमानच बऱ्यापैकी चढतं.

एक जोडी धरून बसले. दोघांची टोकं एकमेकांना लागलेली, मध्ये एक बारीक उभी रेघ, म्हणजे दोघांच्या भित्तिका. बराच वेळ काही हलत नाही. मग रेघ मधोमध फिकट होते, कडांना मात्र तशीच राहते. हेच नाजूक काम आहे. मधली भिंत विरघळवायची, पण कडेचा सांधा सुटू द्यायचा नाही, नाहीतर आतला दाब दोघांनाही फोडेल. शेजारच्या एका जोडीचं तसंच झालं: दोन्ही पेशी एका क्षणात काळपट, निस्तेज.

भिंत गेली की पटलं जुळायला वेळ लागत नाही. तिथे पीआरएम-१ हे प्रथिन मदत करतं. हायमन आणि वॉल्टर यांनी २००० मध्ये ते शोधलं. ते दोन्हीकडे नसेल तर अनेक जोड्या पटलाला पटल भिडवून तशाच अडकतात. माझ्या जोडीत दोन्हीकडचं कणीदार द्रव्य मिसळताना दिसलं. एका बाजूची गडद व्हॅक्युओल (पेशीतली पिशवी) मानेकडे सरकली. आता आकार थेट भुईमुगाच्या शेंगेचा. केंद्रकं या लेन्सखाली दिसत नाहीत, पण आत केएआर-३ ची मोटर सूक्ष्मनलिकांवरून दोन्ही केंद्रकं एकमेकांकडे ओढत असणार.

निघायच्या आधी मानेच्या मधोमध कळी दिसली. पहिली डिप्लॉइड लेक.

डिलीशनच्या स्लाइडवर याच्या उलट चित्र. टोकं भरपूर, पण कितीतरी टोकं रिकाम्या जागेकडे वळलेली, अल्फा मात्र पाठीशी.

६ मार्च

गोंधळ-चाचणी. हार्टवेल यांच्याच प्रयोगशाळेतून ही कल्पना आली: मिलनाच्या फिल्टरखालच्या आगरमध्येच भरपूर अल्फा-फॅक्टर घालायचं, म्हणजे सगळीकडून सारखाच आवाज. साध्या ए चं मिलन दणकन घसरलं, जवळपास डिलीशनच्या पातळीला. डिलीशनचं मात्र फार काही बिघडलं नाही, ते आधीच गोंधळलेलं होतं.

कॅल्कोफ्लोरने रंगवून पाहिलं. कळी सुटल्यावर राहणारा काइटिनचा व्रण निळा चमकतो. सगळीकडून सारखं फेरोमोन मिळालेल्या पेशीला दिशा सापडत नाही, मग ती सवयीची जागा धरते: शेवटची कळी जिथे फुटली होती, त्या व्रणाच्या शेजारीच टोक काढते. एकेका पेशीवर निळं कडं आणि त्याला खेटून टोक. ताईंनी दुसऱ्याच खोलीतून प्रोफेसरांना बोलावून आणलं.

१४ मार्च

धुळवड. लॅब बंद. शेकरवर काही ठेवलेलं नाही.

२१ मार्च

शेवटचा प्रयोग, मॅडमच्या प्रश्नावरून. बार-१ बाहेर सोडलं जातं, म्हणजे ते सार्वजनिक आहे. मग साध्या ए पेशी शेजारी असतील तर डिलीशनचंही भलं व्हायला हवं.

साध्या ए आणि डिलीशन ए निम्म्या-निम्म्या, त्यात दोन्हींच्या बेरजेइतक्या अल्फा, एकाच फिल्टरवर. डिप्लॉइड कुणाचा हे ओळखणं सोपं, कारण कॅन-एमएक्स डिप्लॉइडमध्येही जी-४१८ ला दाद देत नाही. डिप्लॉइडच्या वसाहतींचे मखमलीवर ठसे घेऊन जी-४१८ च्या प्लेटवर दाबायचे, उगवली ती डिलीशनची लेकरं. जी-४१८ मात्र वायपीडीमध्येच घालायचं. अमोनियम सल्फेट असलेल्या साध्या माध्यमात ते नीट काम करत नाही.

सुरुवातीचं प्रमाण खरंच निम्मं होतं का, हेही तपासायला हवं. मिसळण्याआधीचा नमुना लायसिन नसलेल्या प्लेटवर लावून त्याचेही ठसे घेतले.

२५ मार्च

सुरुवातीचं प्रमाण निम्म्याच्या अगदी जवळ. डिप्लॉइडांमध्ये डिलीशनचा वाटा निम्म्याहून कमी, पण वेगवेगळ्या फिल्टरवर जे अंतर पडलं होतं त्यापेक्षा बरंच कमी अंतर. शेजाऱ्याच्या बार-१ ने डिलीशनला सावरलं, पुरतं नाही. मॅडमचं म्हणणं, ज्या पेशीतून एन्झाइम निघतं तिच्या अंगालगत ते सर्वांत जास्त असणार, शेजाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं. ते तपासायचं तर पेशी विरळ ठेवून हेच करायला हवं. पुढच्या बॅचसाठी लिहून ठेवलं.

अल्फा पेशींची बाजू आपण पाहिलीच नाही. त्यांच्याकडेही ए-फॅक्टर रोखणारं एएफबी-१ आहे. त्याचं डिलीशन मागवलंय, आलं की उणे ८० च्या तिसऱ्या रॅकमध्ये, निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ठेवावं. बार-१ डिलीशनच्या ट्यूब लाल झाकणाच्या आहेत.